कॅमेरा चालू ठेवणाऱ्या ठोंबरेबाई

सभेचे अध्यक्ष दादासाहेब, काळे सर, बाईंची लेक मृणाल, आणि टाउनशिपच्या सेक्टरांतून, कॅम्प-एकच्या वस्तीतून, दुर्गहून आलेले आपण सारे,

मी डॉ. श्रीकांत वैरागडे. डॉ. वसुधा ठोंबरेंचा विद्यार्थी. गेल्या आठवड्यात बाई गेल्या. बोलायला उभा राहिलोय खरा, पण भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

मी आपल्या हॉस्पिटलात सर्जरी शिकायला आलो, तेव्हा शिकणं म्हणजे जाडजूड पुस्तक आणि टेबलाभोवतीची गर्दी. आम्ही रेसिडेंट मागं, टाचा उंचावून उभे. दिसायची ती पुढच्याची पाठ.

एक दिवस बाई विभागप्रमुखांना, म्हणजे आपल्या काळे सरांना म्हणाल्या, "सर, मले ऑपरेशनचं व्हिडिओ शूटिंग करायचं आहे. पोरांसाठी."

सर हसले. "टीव्ही पाहून कोणी सर्जन होते काय, वसुधा? मग पुस्तकं कावून लिहिली?"

"पुस्तकातली धमनी लाल असते, शीर निळी. पोट उघडलं की सारंच लाल. ते ही पोरं कुठं शिकून राहिली, सर?"

सर म्हणाले, "कर. पण पेशंटले विचारून."

पेशंट एक तरुण शिक्षिका होती. सिकलसेल या रक्ताच्या आजारात तिची प्लीहा, म्हणजे पानथरी, फुगली होती, ती काढायची होती. चेहरा दिसणार नाही, असा बाईंनी तिला शब्द दिला. कॅम्प-एकमधला लग्नाचं शूटिंग करणारा एकजण कॅमेरा घेऊन आला. हिरवा गाऊन घालून भिंतीला चिकटून उभा. आणि ऑपरेशनच्या मध्येच एक रक्तवाहिनी चिमट्यातून निसटली. पोट रक्तानं भरलं.

कॅमेरावाला घाबरला. "मॅडम, बंद कर दूँ?"

"चालू रहने दो."

बाईंनी बोटं आत घातली, प्लीहेचं मूळ चिमटीत धरलं. आणि थांबल्या. नुसत्या थांबल्या. नळीनं रक्त ओढून घेतलं, नीट दिसू लागलं, तेव्हाच पुढचा चिमटा लावला. ती शिक्षिका बरी होऊन घरी गेली.

आम्हाला वाटलं, तेवढा भाग बाई कापतील. नाही कापला! टेप पाहताना मीच विचारलं, "मॅडम, हे कावून ठेवलं? चूक दिसून राहिली तुमची."

"दिसू दे. पुस्तकातला हात कधी घाबरत नाही. माझा घाबरला. पाहा, मग काय केलं ते." आणि टेप थांबवून लगेच म्हणाल्या, "आता पुस्तक उघड. या चिमटीजवळ स्वादुपिंडाचं शेपूट कुठं आहे, सांग मले." मी पुस्तकात ते पान शोधू लागलो. ते सापडेपर्यंत टेप पुढं सरकली नाही.

पुढं एका दुपारी दुर्गजवळच्या रसमड्याच्या कारखान्यातला एक कामगार उंचावरून पडून आला. प्लीहा फाटलेली. बाई नागपूरला. काळे सर शेजारच्या थिएटरात, अर्ध्या ऑपरेशनमध्ये. निरोप आला, "सुरू कर, मी येतो."

मी पोट उघडलं. रक्तानं काहीच दिसेना. त्या वेळी काय आठवलं असेल मला? पान नाही आठवलं. बाईंचा थांबलेला हात आठवला. बोटं आत, चिमटी, थांब. थांब, श्रीकांत. भूलतज्ज्ञ म्हणाले, "नाडी सुधारली." मग मात्र पान आठवलं. स्वादुपिंड जपून चिमटा लावला.

काळे सर धावत आले. बघितलं. म्हणाले, "तूच कर. मी धरतो."

तो माणूस जगला. बाई परतल्यावर सरांनी त्यांना गाठलं. "त्या कॅमेरावाल्याले बोलव. मंगळवारी माझं हर्निया आहे."

"तुमचं हर्निया, सर?"

सगळे हसलो. सर, सगळ्यात जास्त तुम्ही हसलात.

मित्रहो, आज आपल्याकडे शिकलेले डॉक्टर रायपूर, बिलासपूर, पार बस्तरपर्यंत ऑपरेशन करून राहिलेत. त्यांच्या पेशंटांना बाईंचं नावही ठाऊक नाही. बाईंच्या आजारपणात मी त्यांना हे म्हणालो, तर बाई म्हणाल्या, "बरं हाय. नाव कशाले पाहिजे? घरी गेले ना ते?"

हो बाई. घरी गेले.

आता आपण उभे राहू. थोडा वेळ कोणी बोलू नये. बाई, तुमच्या हातांना आमचा नमस्कार.