उद्याच्या गाडीला आम्ही दोघी

सन्माननीय अध्यक्ष विरूपाक्षअप्पा, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे वकील मार्तंडराव, नांदेडचे प्रतिष्ठित नागरिक, आणि तिकडे चिकाच्या पडद्याआड बसलेल्या माझ्या भगिनींनो व मुलींनो,

आपण मला शाल दिलीत, नारळ दिलात, आणि इतकं गोड बोललात की ही विठाबाई कोण, असा मलाच प्रश्न पडला. मन भरून आलं. पण सभेचा सरकारी परवाना माझ्या निवृत्तीच्या निरोपापुरताच आहे, दुसरा विषय काढू नका, असं मला बजावलंय. मी काढणार आहे. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी खुशाल लिहून घ्यावं.

आमच्या शाळेत शिकवणारी इंदू ही मार्तंडरावांची सून. औरंगाबादेत माहेरी इंटर झाली, इथं आली आणि ऐन उमेदीत विधवा झाली. तिला हैद्राबादेत डॉक्टरीच्या वर्गात जागा मिळाली आहे. तिथलं शिक्षण सगळं उर्दूत, तर पोरगी उर्दूही शिकली. आणि मार्तंडराव म्हणतात, जायचं नाही. विधवा बाई पुरुषांच्या वर्गात बसणार?

मार्तंडराव, रागावू नका. नाहीतर रागवा! आपली लेक चंद्रप्रभा बाळंतपणात अडली, तेव्हा डॉक्टर आपल्याच ओसरीवर उभा होता ना? आपण त्याला आत येऊ दिलं नाहीत. पडद्याबाहेरून तो विचारायचा, आतून इंदू सांगायची. "हात लावल्याबिगर मला कसं कळावं, बाई?" म्हणत तो रडकुंडीला आला. नणंदेचा हात इंदूच्या हातात होता. तो गार पडला, तरी बाहेरून प्रश्न येतच होते.

ही मुलगी काय हौसेनं डॉक्टर होऊ म्हणते? आज या पडद्याआड किती जणी दिवस गेलेल्या आहेत! त्यांनी कुणाला बोलवावं? बाईमाणूस डॉक्टर सगळ्यांनाच पाहिजे, पण आपली सून कुणीच पाठवणार नाही. मग ती यायची कुठून?

काल मी वकीलसाहेबांच्या घरी गेले होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "लेक तर गेली. सुनेला तरी जाऊ द्या म्हणून लई सांगून राहिले, ऐकतच न्हाईत." वकीलसाहेब म्हणाले, "तिथं सोबतीला खात्रीची बाई दाखवा, मी अडवणार नाही." त्यांना वाटलं, कुठून आणणार ही!

मी आहे की. आजपासून मला शाळा नाही, मागं कुणी वाट बघणारंही नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मी इंदूबरोबर निघते आहे. ती डॉक्टर होईपर्यंत तिथंच बिऱ्हाड करणार. पुढं कुणाचीही लेक तिकडे शिकायला आली, मांगवाड्यातली असो की ब्राह्मणगल्लीतली, ती माझ्याकडे राहील. वकीलसाहेब, शब्द आपला आहे. आता तो सगळ्या गावानं ऐकला.

इंदू, इथं काय बसलीस? घरी जा, ट्रंक भर.

आपण दिलेल्या प्रेमाबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. जाण्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही.