व्हॅनेडियमच्या दाखल्यावरची शेवटची सही

निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रयोगशाळेचे संचालक साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, भट्टीवरचे माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत जीव मुठीत धरून बसलेले माझे यजमान, सर्वांना नमस्कार.

यजमानांनी सकाळीच बजावलंय, आज तरी गोड बोल. प्रयत्न करते.

साहेबांनी माझं भरभरून कौतुक केलं. मी शांत, समजूतदार, सगळ्यांना सांभाळून घेणारी आहे म्हणे. हे कोणाबद्दल चाललंय, म्हणून मी मागे वळून पाहिलं. शेवटी ते म्हणाले, की मागच्या महिन्यातल्या धातूच्या शुद्धतेच्या दाखल्यावर सही करूनच बाई घरी जातील. सहा वाजता माझा अधिकार संपतो. अजून वीस मिनिटं आहेत, तेव्हा त्याबद्दलच बोलते.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही व्हॅनेडियम काढतो. त्याच्या पिवळसर भुकटीत धातूला ऑक्सिजन घट्ट चिकटलेला असतो. ती भुकटी, कॅल्शियमचे दाणे आणि थोडं आयोडीन पोलादी भांड्यात बंद करायचं, हवा काढून आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरायचा आणि भांडं तापवायचं. कॅल्शियम ऑक्सिजन ओढून घेतो. वर मळी राहते, खाली धातू. मग भांडं पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. गरम धातूला हवा लागली, की तो पुन्हा ऑक्सिजन पिऊन बसतो आणि ठिसूळ होतो.

हे मला कसं कळलं? चुकून. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लेक तापाने फणफणली होती, घरी जायची घाई होती, म्हणून मी भांडं गरम असतानाच उघडलं. धातू दिसायला देखणा होता. आमच्या वस्तादांनी त्याची पट्टी शिकंज्यात धरून वाकवली, तर तिचे दोन तुकडे झाले. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, घरी जायचं होतं तर जायचंस. भांडं थांबलं असतं."

मागच्या महिन्यात भेटीला आलेल्या पाहुण्यांना भांड्यातल्या ताज्या धातूचा फोटो हवा होता. झाकणावर पाण्याचा थेंब टाकला तर चुरचुरत होता. मी नको म्हटलं, तर साहेबांनी मला पाहुण्यांच्या चहाचं बघायला पाठवलं. तीस वर्षांच्या अनुभवाला चहा! मी परत येईपर्यंत झाकण उघडून फोटो काढून झाला होता.

आता म्हणतात, तपासणीत लोखंड नाही, ॲल्युमिनियम नाही, मग अडलं कुठे? साहेब, त्या तपासणीत ऑक्सिजन मोजलाच नव्हता. तो मोजला असता तर मला एवढं बोलावं लागलं नसतं. माझ्या जागी येणारी ही मुलगी हुशार आहे. मी नाही म्हटलं तर उद्या तिच्यासमोर हाच कागद सरकवाल, आणि नव्या नोकरीत नाही म्हणायला किती जड जातं ते मला ठाऊक आहे. तिच्यावर ती वेळ मी येऊ देणार नाही.

म्हणून आज दुपारी आम्ही दोघींनी मिळून त्याच धातूची पट्टी वाकवली. तुटली. दाखला तुमच्यासमोर फुलांच्या गुच्छाखाली आहे. तुम्हाला माझी सही हवी होती, ती मी केली आहे. सहीच्या वर ठळक अक्षरात लिहिलंय, "नापास".

आपण सर्वांनी इतकी वर्षं मला सहन केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. त्या एका शब्दाबद्दल मात्र मी माफी मागत नाही.