खिशात राहिलेल्या वायसरबाबत पुरवणी जबाब

दि. १८/११/२०२५

नाव अंगद सूर्यभान कोतकर, वय २७ वर्षे, धंदा खाजगी नोकरी (घरगुती मशीन बसविणे व दुरुस्ती), रा. घोडेगाव, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर.

मी स्वतःहून पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगतो की, सोनई येथील सौ. मोनिका अमृत भणगे यांनी त्यांचे घरकाम करणाऱ्या बनुबाई बन्सी गायके, वय ५८, यांचेविरुद्ध मशीनचा पाइप ओढून घरात पाणी सोडल्याबाबत दिलेल्या तक्रारीत माझा दि. १३ रोजी जबाब झाला आहे. त्यातील पाइपबाबतचा मजकूर खोटा आहे. आज मला कोणी बोलावलेले नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

दि. ११ रोजी सकाळी ११ वाजता मी भणगे यांचे घरी भांडी धुण्याचे मशीन बसविण्यास गेलो. त्यांची मुलगी सुकन्या हिचे लग्न ठरले असून घरात पाहुणे वाढणार म्हणून त्यांनी मशीन घेतले होते. कमी विजेचे मॉडेल होते, गच्चीवरील सोलरवर चालते. मशीन कसे लावायचे ते मी मोनिकाताई व बनुबाई दोघींना दाखवले. बनुबाईंनी विचारले, "दादा, जळालेली कढई निघती का वो ह्यात?" मी म्हणालो, ती हातानेच घासावी लागते. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "मंग आमी हाय अजून." मोनिकाताईही हसल्या. बनुबाईंना मशीनचा राग आलेला मला दिसला नाही. ही गोष्ट मी पहिल्या जबाबात सांगितली नाही.

त्यांच्या नळाचे आटे जुने असल्याने मधे जोड लावावा लागला. त्या जोडात पाणी गळू नये म्हणून रबरी वायसर, म्हणजे गोल चकती, बसवावे लागते. मी ते पाकिटातून काढून शर्टच्या खिशात ठेवले. तेवढ्यात शिर्डीहून पुढच्या ग्राहकाचा फोन आला. मी जोड वायसर न घालता आवळला, पाणी चालू करून पाहिले, गळती दिसली नाही म्हणून निघालो.

सायंकाळी घरी शर्ट काढताना वायसर खिशात सापडले. गच्चीवरचा प्रेशर पंप चालू झाला की असा जोड टिकत नाही, हे मला माहीत होते. मोनिकाताईंचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. फोन केला नाही. सकाळी जाऊ असे ठरवले. सकाळी गेलो नाही.

दि. १२ रोजी भणगे कुटुंब मंगल कार्यालय पाहण्यास गेले होते. बनुबाई फरशी पुसून, कुलूप लावून दुपारी १ वाजता गेल्या. सायंकाळी ६ वाजता घरचे परत आले तेव्हा मशीनचा पाइप जोडातून सुटलेला होता व घरभर पाणी होते. हॉलमध्ये फरशीवर ठेवलेली बस्त्याची कापडे भिजून एकमेकांना रंग लागला होता. सुकन्याचा शालू त्यात होता.

दि. १३ रोजी मला पाहणीसाठी बोलावले. पंच येण्यापूर्वी मी स्वयंपाकघरात एकटा होतो. वायसर सोबत आणले होते. ते मी जोडात बसवले व पाइप बाजूला लोंबता ठेवला. त्यामुळे पंचांना वायसर जागेवर दिसले. मोनिकाताईंनी विचारले, "हा आपोआप निघू शकतो का?" बनुबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मी म्हणालो, "ओढल्याशिवाय निघत नाही." तोच मजकूर नंतर येथे लिहून दिला. माझ्यावर कंपनीत आधीच्या दोन तक्रारी आहेत. ते कारण म्हणून सांगत नाही, विचारले म्हणून सांगतो.

त्या दिवशी बनुबाईंना सायंकाळपर्यंत ठाण्यात बसावे लागले. गावातील बाकीच्या तीन घरांनीही त्यांना कामावर येऊ नका म्हणून निरोप दिला, हे मला नंतर समजले.

काल दि. १७ रोजी मी मशीन पुन्हा जोडण्यास गेलो. दुपारी ४ च्या सुमारास बनुबाई मागील दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. मला वाटले भांडायला आल्या. त्या म्हणाल्या, "दादा, म्या वडला न्हाई. पन तुमी शिकलेले, तुमी म्हंता तर पुसताना माजाच हात लागला आसन. कुटं लागला ते दावा. पुन्ना कुनाच्या घरी आसं व्हाया नको."

मी त्यांना पाइपवर जागा दाखवली.

त्यांनी वाकून त्या जागेवर बोट ठेवले. "हितं व्हय," म्हणाल्या. मग मोनिकाताईंकडे वळून हात जोडले व म्हणाल्या, "ताई, पोरीच्या शालूचं लई वाईट झालं. माजी नजर ऱ्हायली न्हाई आता." मोनिकाताई आत गेल्या. मी जोड आवळला, कामाच्या कागदावर मोनिकाताईंची सही घेतली व घोडेगावला आलो. पत्नीने जेवायला वाढले. मी जेवलो नाही. तिला सर्व सांगितले. ती म्हणाली, "मला कशाला सांगता?"

म्हणून आज आलो. बनुबाई यांनी पाइप ओढलेला नाही. चूक माझी आहे व ती लपविण्यासाठी वायसर मीच नंतर बसवले.

हा मजकूर सांगत असताना जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार मॅडमनी बनुबाई व मोनिकाताई यांना बोलावून घेतले व माझे म्हणणे त्यांना समजावून सांगितले. मोनिकाताई खाली पाहत होत्या. बनुबाईंनी दोन वेळा विचारले, "म्हंजी म्या न्हाई?" मॅडम म्हणाल्या, नाही. मग बनुबाईंनी मला विचारले, "मंग काल दावलं ते काय हुतं?"



मॅडमनी उत्तर लिहायचे आहे काय असे विचारले. नाही म्हणालो.

वरील जबाब मला त्या दोघींच्या समोर मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. त्यातील काहीही कमी करायचे नाही.

समक्ष, सही
अंगद सूर्यभान कोतकर