पुस्तकातले ‘हे’

राजपुरीच्या धक्क्यावर दिघीचा मचवा सुटायची वाट पाहत बसलेल्या कुलसुमचे कान पाठीमागे बसलेल्या नणंद-भावजयीच्या वाचनाकडे लागले होते.

“‘तुफानात शीड फाटलं, तेव्हा हे डोलकाठीवर चढले...’”

“दुर्गावहिनी, आमचा दादा कधी चढला गं डोलकाठीवर?”

“इश्श! वन्सं, हे चरित्र एका थोर कप्तानाचं. पण त्यांचं नि आमच्या ह्यांचं नाव एकच. मी कसं घेऊ?”

“बरं बाई, ‘हे’ तर ‘हे’. पण पुढे वाच!”

“‘दोर तुटला नि हे थेट समुद्रात!’”

“अगं बाई! बुडाले?”

“बुडतायत कसले! ‘हे बुडत्या खलाशाकडे पोहत निघाले. तेवढ्यात डोंगराएवढी लाट उठली!’”

“या अल्ला!” कुलसुम वळलीच. “मग?”

“‘गलबतावरून सगळे एकदम ओरडले...’”

“काय ओरडले? सांगा की लवकर!”

दुर्गाने पान पाहिलं, तिथे नेमकं तेच नाव! ती जीव तोडून ओरडली, “‘अहो! मागे फिरा, अहो!’”

मचव्याच्या फळीवर एक पाय टाकून लिंबू हुंगत उभे असलेले तिचे यजमान टुणकन धक्क्यावर परतले.

“फिरलो गं, फिरलो! मला उभ्या उभ्याच मळमळत होतं.”