स्थळपाहणी

(गावच्या आशा सेविका गोजरबाईंच्या घरी दुपारची जेवणं उरकली आहेत. मानसशास्त्राचा प्रबंध लिहिणारी फरहीन भिंतीला टेकून बसली आहे.)

फरहीन : हसता काय, मावशी? पिंजाऱ्यांची सगळी घरं पालथी घातली. एक मुलगी सोडली तर कुणाला चिंता नाही, कुणाला रडू येत नाही, सगळ्यांना गाढ झोप. सर फोनवर म्हणाले, हे गाव सेनगाव तालुक्यात आहे की जन्नतमध्ये? प्रबंधाचा विषय वंचितांचं मानसिक आरोग्य, आणि बिघडलंय फक्त माझं.

गोजरबाई : अगं, लोकाला वाटून राहिलं, तू साजीदसाठी पोरगी पाहायला आलीस.

फरहीन : माझ्या भावासाठी? काहीतरीच.

गोजरबाई : काहीतरी कसं? तूबी पिंजाऱ्याचीच. भाऊ बिनलग्नाचा, औंढ्याहून रोज गाडीवर सोडून राहिला, इस्तरीचा शर्ट, काळा चष्मा. अन् तू घरात शिरली की इचारतीस, झोप लागती का, भूक लागती का, घरात कुणाला डोक्याचा आजार हाय का. सोयरीक जुळवणाऱ्या बाया हेच इचारतेत.

फरहीन : तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं, मी कोण म्हणून?

गोजरबाई : बराबर सांगितलं. औंढ्याची पोरगी हाय, घरं पाहायला आली.

फरहीन : घरं पाहायला. म्हणून दारोदार शिरखुर्मा. मी त्यावर दोन पानं लिहिलीत, मावशी. ‘आदरातिथ्यातून दिसणारी सामूहिक लवचिकता.’

गोजरबाई : म्हंजी काय?

फरहीन : खुर्मा चांगला होता, असं.

गोजरबाई : खरं एकटी जुलेखाची उझ्मा बोलली म्हण की.

फरहीन : हो. रात्रभर डोळा लागत नाही, उठावंसं वाटत नाही, विहिरीजवळून जायची भीती वाटते म्हणाली. ती रडत होती आणि माझ्या मनात आलं, चला, एक तरी मिळाली. असली मी संशोधक. तिला डॉक्टरकडे न्यायलाच हवं.

गोजरबाई : तिची माय नेऊ देणार न्हाई. जुलेखा सकाळीच येऊन गेली. म्हणे पोरीनं थट्टा केली, औंढ्यात बोलू नका. आता तुमी सोयरिकीचं काई बोलला न्हाईत तर लोक म्हणतील, डोक्यानं अधू हाय म्हणून नाकारली. तिला मग कोण करून घेणार?

फरहीन : मी सांगते ना, मी मुलगी पाहायला आलेच नव्हते.

गोजरबाई : खुर्मा खाताना न्हाई सांगितलं ते. आता आपणच कमीपणा घेऊ. म्हणू, खोट आमच्याच घरात हाय, साजीदला डोक्याच्या गोळ्या चालू हायेत.

फरहीन : साजीद कशाला? गोळ्या मला चालू आहेत.

गोजरबाई : जेवून घेतीस त्या? मला वाटलं, अभ्यासाच्या असतील.

फरहीन : घरी सांगितलंय, व्हिटॅमिनच्या आहेत. उझ्माला मात्र ऐटीत म्हणाले, लाजू नकोस, मोकळं बोल.

गोजरबाई : गुण येतो का त्यांनी?

फरहीन : येतो. मलाही उठावंसं वाटत नव्हतं. आता रोज गाडीवर बसून येते, हे तिच्या आईला सांगायचंय.

गोजरबाई : साजीदच्या कानावर जाईल. उद्या तुझ्याच सोयरिकीत आडवं यील.

फरहीन : यील. पण उझ्मा डॉक्टरकडे जाईल.

गोजरबाई : मग थांब, लुगडं बदलते. एकटी गेलीस तर पुन्हा पुस्तकातलंच बोलशील.