हौसाबाईनं लेकाला दिलेलं वाण

ऐका हो मंडळी! आयुष्याची दोरी देवाच्या हाती, हे आपण सगळेच म्हणतो. बरोबर? मग सांगा — ती दोरी जपायची कुणी? पीळ घालून द्यायची त्यानं, अन् उन्हापावसात टाकून ठेवायची आपण! चूक कुणाची? ...थांबा, लगेच बोलू नका. आधी ज्योतिरामाचं ऐका!

कृष्णाकाठी ज्योतिरामाची रोपवाटिका. टोमॅटो, वांगी, मिरची! त्याच्या हातचं रोप मरायचं नाही, असं गाव म्हणे. पण गडी स्वतः मात्र मरायला टेकलेला! का? तर आजा, बाप, चुलता — तिघंही साठीच्या आत छातीच्या दुखण्यानं गेले. आता याची साठी आली, रक्तदाब चढलेला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या — यानं त्या देवळीत ठेवल्या. नुसतं दर्शन घ्यायचा!

आई हौसाबाई नव्वदी ओलांडलेली. ताठ! तिची आईही पणतवंडं खेळवून गेलेली. हौसाबाई लेकाला रोज म्हणायची, "गोळी घे रं बाबा."

हा काय म्हणाला? "आई, लांब आयुष्य म्हंजे हळदीकुंकवाचं वाण. बाया बायांनाच देत्यात. गड्याला कोण देतंय?"

माउलीच्या काळजात चर्र झालं! नवरा गेला, दीर गेला — आता पोटचा पोरगाही डोळ्यांदेखत जायचा? तिनं त्याचा हात धरला अन् ओढतच नेलं डॉक्टरीणबाईंपुढं, त्याचं म्हणणं सांगितलं.

बाई हसल्या. "ज्योतिरामदादा, तुमच्या हायब्रीड टोमॅटोचं बी कुणाचं?"

"दोन वाणांचं. एक नर, एक मादी."

"मग तुम्ही एकट्या वडिलांचे कसे?"

मंडळी, गडी डोकं खाजवायला लागला!

बाई म्हणाल्या, "प्रत्येकाच्या जनुकांत बारीक बारीक फरक असतात. काही फरक दीर्घायुष्याला हातभार लावत असावेत. त्यातले काही बायकांत जास्त दिसतात, काही पुरुषांत. का? शोध चालू आहे. तुमच्या वाट्याला काय आलंय, मलाही ठाऊक नाही. पण बी चांगलं असलं म्हणून तुम्ही पाणी तोडता का? अन् नाजूक असलं तर?"

"जास्त जपतो," ज्योतिराम पुटपुटला. अन् स्वतःचंच बोलणं ऐकून खाली बघत बसला.

संक्रांत आली. घरात सुनेनं ठेवलेलं बायकांचं हळदीकुंकू! हौसाबाईनं भर बायकांत हाक मारली, "ज्योत्या, इकडं ये!" कपाळाला कुंकू लावलं. हातावर तीळगूळ ठेवला, अन् वर — गोळी! "घे. अर्धं बी माझं हाय तुझ्यात. हे आईचं वाण. टाकू नगंस."

बायका खो खो हसल्या. ज्योतिरामाच्या डोळ्यांत पाणी! त्यानं गोळी घेतली, अन् त्या दिवसापासून एकही चुकवली नाही.

पुढची संक्रांत आली. साठी मागं पडलेली! बायका जमतात न जमतात तोच हा आपणहून ओसरीवर हजर — हात पुढं करून! शेजारीण म्हणते, "भावजी, वाण पाहिजे तर रांगेत या!"

हसलात? हसा! आता मला सांगा, "आमच्या घराण्यातच हाय" असं म्हणून तुमच्यातल्या कुणी कुणी आज गोळी चुकवलीय? मान खाली घालू नका, पाटील — मी तुमच्याकडेच बघतोय! नशीब देवानं दिलं, बी आईबापानं दिलं. पाणी कोण घालणार? उठा, आधी घरी जाऊन गोळी घ्या, मग हात जोडा. विठ्ठल कुठं जात नाही!