सैदापेट वाटेत लागतं

आम्ही तंजावरकडचे. म्हणजे मी जन्मलें मद्रासमध्येच, मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, पण कोणी विचारट्लं की आम्ही तंजावरच सांगतों, तिकडे आता आमचां कोणी नाही, एक घर होतं तेही गेलं, तरी तंजावरच. तुम्ही पुण्याकडच्या ना? मग आमची मराठी ऐकून तुम्हाला हसूं येईल, येऊं द्या, मला काही वाटायचं नाही. तुम्ही म्हणता यात अर्धी तमिळ आहे, आणि इकडचे लोक म्हणतात तुमच्या तमिळात काहीतरी वेगळां ऐकूं येतं, आम्ही असे मधल्यामधे. माझां नाव अंबुजा. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होतें, नववी-दहावीला. रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी भाजी घ्यायला गेलें की अजून एखादी बाई, केस पांढरे झालेली, मला बघून पिशवी खाली ठेवते आणि सरळ उभी राहते. मी म्हणते, बस गं, आता कोण तुला प्रश्न विचारतो.

आम्ही दोघी बहिणी. मी मोठी, गोमती धाकटी. तिच्याबद्दल काय सांगू तुम्हाला, मी सांगायला बसलें की तिचंच येतं. मी काळी, उंच, रागीट, ती गोरी, गोल आणि सारखी हसणारी, देवळात हसायची, आजोबांच्या श्राद्धाला हसली होती, आई चिमटा काढायची तर अजून हसायची. संध्याकाळीं आम्ही दोघी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून फुलं बांधायचों, मी मोगरा आणि मरवा तिच्या हातात द्यायचें आणि ती गाठ मारायची, आणि तिच्या बोटांकडे बघत मी तिला शाळेतल्या गोष्टी सांगायचें. तशी ऐकणारी मला परत मिळाली नाही. नवरा चांगला होता, गेला बिचारा, पण तो पेपर वाचत ऐकायचा.

आता भांडण सांगते. तुम्ही तेच विचारत होता ना, की युद्ध कसां सुरू होतं हे मी मुलींना कसां शिकवायचें. तर ऐका.

माझे बाबा म्हणजे आमच्या सगळ्या गोतात थोरल्या घरचे. आणि पलीकडे सैदापेटला, मद्रासमध्येच, बाबांचे चुलत भाऊ, आमचे काका, धाकट्या घरचे. आमच्यात रामनवमीला भजन असतं, मोठां असतं, नऊ दिवस, आणि मधे बसून चिपळ्या कोणी धरायच्या हा मान असतो. आजोबांच्या मागे तो मान बाबांचा, पण आवाज काकांचा. देवानं असां का करावं! बाबांना सूर नव्हता आणि काका गायला लागले की रस्त्यावरचे लोक आत येऊन बसायचे. मग काकांनी सैदापेटला वेगळां भजन सुरू केलां, मग इकडची चार घरं तिकडे गेली, मग बाबांनी तिकडची दोन घरं इकडे वळवली. कोणाला हार, कोणाला पहिला प्रसाद, अशी ओढाताण. बाबा काकांना एम्डन म्हणायचे. तुम्हाला ठाऊक नाही? पहिल्या महायुद्धात त्या नावाचं जर्मन जहाज इथे समुद्रात आलं, गोळे टाकले, हार्बरजवळच्या तेलाच्या टाक्या पेटल्या आणि तें निसटून गेलं, तेव्हापासून इकडे बेरकी माणसाला एम्डन म्हणतात. भांडण कोठें, युरोपात, आणि आग कोठें, मद्रासला. मी वर्गात तिथूनच सुरू करायचें, मुली डोळे मोठे करायच्या, मिस, आपल्या बीचवरून दिसलं असेल का म्हणायच्या.

मग मोठ्या माणसांनी एक डोकां चालवलां. आवडी म्हणून मद्रासबाहेर गाव आहे, काकूच्या माहेरचा एक मुलगा तिथे होता, रणगाड्यांच्या कारखान्यात नोकरी, सरकारी क्वार्टर, चांगला शांत मुलगा. गोमतीला त्याला द्यायची ठरली. म्हणजे दोन घरं जवळ येतील. मी नंतर मुलींना सांगायचें, की पूर्वी राजे तह करायचे तेव्हा एक मुलगी द्यायचे, आणि तें वाक्य मी भरभर उरकायचें, मुलींना वाटायचं मिसला घंटेची घाई आहे. लग्न झालं, काका गायले, बाबांनीच त्यांना हार घातला, सगळे रडले. दोन-अडीच वर्षं छान गेली. गोमती महिन्यातून एकदा आवडीहून लोकल धरून यायची, आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन अंबट भाजीचं पातेलं उघडून बघायची.

आणि मग तांबरमच्या आत्याकडचं लग्न निघालं. आमच्यात कसां असतं, लग्नाचं बोलावणं पोस्टानं चालत नाही, घरची दोन माणसं जातात, चांदीचा कुंकवाचा करंडा, अक्षता आणि पत्रिका घेऊन, आणि आधी देवाला, मग थोरल्या घरी, मग बाकीच्यांना. हा क्रम चुकायचा नाही. पण आत्याचे मुलगे तरुण, सकाळीं तांबरमहून लोकलमध्ये बसले, आणि काय की त्यांच्या मनात आलं, सैदापेट वाटेतच लागतं, ऊन व्हायच्या आत तिथलां आटपून घेऊं, मग निवांत मैलापूरला जाऊं. बिचाऱ्यांनी लपवलांही नाही. आईनं कापी, म्हणजे तुमची कॉफी, आणली तर म्हणट्ले, मामी, अर्धाच द्या, सैदापेटला आत्ताच झाली.

बाबांच्या हातात करंडा होता. त्यांनी तो खाली ठेवला. कुंकू लावलं नाही, आत गेले. मी तेव्हा माहेरी आलेली, खोलीच्या दारात उभी, त्यांना वाट द्यायला बाजूला झालें.

लग्नाला बाबा गेले नाहीत. मग मामा म्हणट्ले, जिथे माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा मान नाही तिथे मी कसा जाऊं, तेही गेले नाहीत. मामांचे व्याही, त्यांचां यात काही नाही हो, त्यांना सैदापेट कोठें आहे तेही धड माहीत नाही, पण मामांशी त्यांचा शब्द, म्हणून तेही नाहीत. तिकडे काका म्हणट्ले, माझ्या घरी आधी आले हा माझा गुन्हा झाला का, आता मैलापूरच्या कोणत्याही कार्याला माझं माणूस जाणार नाही. आणि माझं माणूस यात आवडीचं घर आलं. गोमती त्या लग्नाला गेली होती, सासू-सासरे गेले, ती कशी राहील? बाबा म्हणट्ले, जेवली ना तिकडे, मग ती तिकडची. सासू म्हणट्ली, आमच्या माणसाला कमी लेखणाऱ्याच्या दारात आमची सून जाणार नाही. झालां. दोन महिन्यांत गोतातलं एक घर मधे उरलं नाही, सगळे इकडचे नाहीतर तिकडचे. आणि ज्यांचं लग्न, ती दोघं सुखानं संसार करत आहेत, परवासुद्धा त्यांच्या नातवाचा फोटो आला.

त्याच वर्षी दहावीला मी पहिल्या महायुद्धाचा तो धडा शिकवत होतें. एक राजपुत्र मेला, एक देश चिडला, त्याच्या पाठीशी दुसरा, समोरच्याच्या पाठीशी तिसरा, तिसऱ्याशी चौथ्याचा करार, आणि त्यातले तीन राजे एकमेकांचे भाऊ, कोणी आते-मामे, कोणी मावस, कोणी दूरचा, सुट्टीत एकत्र बोटीत बसून फिरलेले. पुस्तकात कारणं दिलेली असतात, स्पर्धा, करार, शस्त्रं, मुली पाठ करून लिहायच्या, पूर्ण मार्क. पण त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, मिस, त्यांच्यात कोणी मोठां माणूस नव्हतां का, बसवून समजूत घालायला? मी म्हणट्लें, होते ना, सगळेच मोठे होते. वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड केलें.

बाबांचा मला राग आला होता आणि अजून आहे, ते देवाघरी गेले तरी आहे. मी त्यांना म्हणट्लें होतें, बाबा, रेल्वेला कोण सांगणार की आधी मैलापूर घे. ते म्हणट्ले, ही इतिहासाची गोष्ट नाही, मानाची आहे. मी म्हणट्लें, इतिहासात दुसरां काय असतं? आई मधे पडली, गप्प बस म्हणट्ली, आणि स्वतः पदरानं डोळे पुसत बसली. आईला तिची धाकटी शेवटपर्यंत नीट भेटली नाही. आई गेली तेव्हा गोमती आली, पायाशी बसली, आणि चूळ भरायला पाणीसुद्धा न घेता उठली, कारण दोन्हीकडचे पुरुष बघत होते. जाताना मला मिठी मारायला ती वळली आणि कोणीतरी तिला हाक मारली. तेवढां माझ्या अंगाला राहिलां आहे, ती वळलेली.

पुढे सगळे थोरले एकेक गेले, बाबा गेले, काका गेले, सासू गेली. मग तरी संपायला पाहिजे ना? पण मग कोणी आधी जायचं? इकडचे म्हणायचे, ती धाकटी, तिनं यावं. तिकडचे म्हणायचे, ही थोरली, हिनं बोलवावं. आम्ही एखाद्या कार्यालयात समोरासमोर यायचों, मी म्हणायचें बरी आहेस ना, ती म्हणायची बरी आहे आक्का, आणि तिच्यामागे तिची जाऊ, माझ्यामागे माझी भावजय, मामांची सून. त्यालाही पुस्तकात धडा आहे, शीतयुद्ध म्हणून. ती हसायची थांबली आहे असां मला लांबून वाटायचं. घरी आलें की मी जेवायचें नाही, नवरा विचारायचा काय झालं, मी म्हणायचें तिथलां तिखट होतां.

तिला एकच मुलगा, माधव. जहाजावर इंजिनियर, तेलाच्या मोठ्या जहाजावर. मी त्याला फोटोत पाहिलेला. आणि आता हे आखातातलं सुरू झालं. टीव्हीवर तुम्हीही बघता. पहिल्या दिवशी दोघंच होते. मग एकानं म्हणट्लं मी याच्या पाठीशी, दुसऱ्यानं त्याच्या, राजदूत परत बोलावले, जहाजं निघाली. मी सोफ्यावर बसून बघत होतें आणि पुढची ओळ मला आधीच येत होती, इतकी वर्षं तीच शिकवली. कंटाळा यावा इतकी तीच. फक्त माधवचं जहाज तिकडे बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, हे मला माहीत नव्हतं.

एका दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नाही. पलीकडून नमस्कार नाही, काही नाही, एकदम, आक्का, तूं हेच शिकवत होतीस ना? सांग मला, हें वाढेल का? आवाज म्हातारीचा. मी आधी ओळखलांच नाही, आणि मग ओळखलां. ती म्हणट्ली, इथे सगळे आपल्या मनाचां सांगतात, तूं खरां सांगशील. जहाज पुढे येऊं देत नाहीत, मागेही जाऊं देत नाहीत, माधव म्हणतो काळजी करूं नको, आणि त्याचा आवाज त्याच्यासारखा नाही.

मला सगळां ठाऊक होतं हो. मी म्हणट्लें, नाही वाढायचं. ती म्हणट्ली, खरां? मी म्हणट्लें, अगं मी एवढी वर्षं शिकवलां आहे, मला कळत नाही का. मग ती रडली. मग मी म्हणट्लें, नवरा गेल्यावर तिथे एकटी काय करतेस, इकडे ये.

ती आली. एक पिशवी, दोन साड्या, देवाची छोटी समई. कोणी काही म्हणट्लं नाही, म्हणणारे उरलेच नाहीत, आणि भावजयीनं फोन केला तर मी म्हणट्लें, आता तूं कोणत्या बाजूची ते नंतर कळव, माझ्या गॅसवर भाजी आहे. आता ती इथे आतल्या खोलीत झोपली आहे, म्हणून मी हळू बोलते. पहिले दोन दिवस आम्ही लाजत होतों, नव्या सुनांसारख्या. मग एकदा मी डाळ करपवली आणि ती हसली, तीच ती, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. मी गॅस बंद करायचां विसरलें.

पण संध्याकाळीं टीव्ही लावावा लागतो. ती टीव्ही बघत नाही. ती माझं तोंड बघते. नव्या देशाचं नाव आलं की तिची मान इकडे वळते, आणि मी भाजी निवडत म्हणतें, हे नुसते बोलतात गं, याला अर्थ नाही. शाळेत मुलींना मी खोटां एक अक्षर सांगट्लें नाही. आता रोज सांगते, आणि ती हो म्हणते. मला वाटतं तिला कळतं. कळतं तरी विचारते, आणि मी तरी सांगते.

माधवचा फोन आला की ती बाल्कनीत जाते. मी इथे बसून फक्त तिची पाठ बघते. आणि तुम्हाला खरां सांगू, माझ्या मनात दोन्ही येतं. हें थांबलं की ती आवडीला परत जाणार. लोक काही म्हणोत, तिच्या वेणीत फूल माळायला मला इतक्या वर्षांनी मिळालं, आणि मिळालं कशामुळे, तर तिच्या पोराचा जीव तिकडे टांगला आहे म्हणून. असला नफा कोणाला हवा आहे. मी रोज देवापुढे उभी राहून म्हणतें, पोर येऊं दे, तिला जाऊं दे. त्या जहाजावर आणखी कोणाकोणाची मुलं असतील, पलीकडे बंदुका धरून बसलेलीही कोणाची असतील, त्यांनाही घरी जाऊं दे, त्यांच्याही आया कोणाचं तरी तोंड बघत असतील.

आणि ती निघेल ना, तेव्हा मी तिला पोचवायला स्टेशनवर नाही थांबणार. तिच्याबरोबर गाडीत बसून आवडीपर्यंत जाईन. तिचं घर मी अजून पाहिलेलं नाही.